माहेरचं गलबत

१० जानेवारी

झुंबरतात्या येऊन गेला. चुलत दीर. रिटायर झाल्यापासून भावकीच्या मागं लागलाय. आमच्या घराण्याचं पुस्तक काढणार म्हणे. पहिला पुरुष कोण, सांगवीत कुठून आला, कुणाला किती पोरं. या बारीला सुनांचं माहेरही छापणार. प्रत्येकीला तीन ओळी. वडलांचं नाव, गाव, धंदा.

सिंधुबाईनं, म्हणजे धाकट्या जावेनं, लगेच तोंड घातलं. आमच्या लासुर्ण्याच्या घरापुढं हत्ती झुलत हुता म्हणाली. मी म्हणलं, हत्ती होता तर तुझं वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कसं आलं? पण गप बसंल ती सिंधुबाई कसली. म्हणाली, आन् आक्का, तुमचं काय घालायचं? होडीवालंच ना? सगळ्या हसल्या. तात्यापण हसला, मग चहात तोंड घातलं.

लग्न होऊन आल्यापासून हेच ऐकतेय. होडीवाल्याची. होडीवाल्याची.

तात्याला सांगितलं, माझ्या तीन ओळी मागाहून देते. घाईनं सांगण्यातलं आमचं घराणं न्हाई.

११ जानेवारी, पहाटे

झोप लागली न्हाई. विचार केला. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, आपण मूळचे दर्यावरचे. दिवसभर भीमेवर माणसं, बैलं, नवऱ्या मुली या काठावरून त्या काठाला न्यायचे आणि रात्री भाकरी खाताना हे म्हणायचे. तेव्हा मी लक्ष दिलं न्हाई. आता कळतंय. दर्यावरचे म्हणजे आरमारातले. आरमारातले म्हणजे सरदार. साध्या माणसाची आठवण इतक्या पिढ्या कोण ठेवतं?

हत्ती गलबतात मावतो. गलबत हत्तीत मावत न्हाई.

संक्रांतीच्या आत पुरावा काढायचा. ठरलं.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. पुरावा न्हाई. तिळाच्या पोळ्या कोण करणार होतं, आरमारातले सरदार? उद्यापासून नक्की.

२६ जानेवारी

नातीला सुट्टी. स्वराली लोणी देवकरला कंपनीत आहे, मोबाईल हातातून सुटत न्हाई. म्हणलं, त्याचा कधी तरी उपयोग कर. घाल त्यात, माझं माहेरचं आडनाव दोरगे, आरमार, सरदार. घातलं. कुठल्या तरी दोरग्याचं पाइपाचं दुकान आलं. अजून एकाचं मंगल कार्यालय.

आज्जी, तू समुद्र बघितलाय का? म्हणाली. मी म्हणलं, रक्तात असला की बघावा लागत न्हाई.

मोबाईलमध्ये सगळं असतं हे खोटं आहे.

९ फेब्रुवारी

नाइलाजानं भावाकडं गेले. हिंदुराव इंदापूरच्या अलीकडं राहतो. आमचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं तेव्हा सरकारनं दिलेल्या जागेत. त्याच्याकडं जायचं म्हणजे आबा असे होते न् आबा तसे होते, हे तासभर ऐकायचं. पण इलाज न्हाई. वंशावळ सांगणारा हेळवी ज्याच्या त्याच्या कुळाचा वेगळा असतो, आणि माहेरचा हेळवी भावाच्याच दारात वही सोडतो. लेकीच्या दारात न्हाई. तसा रिवाज.

पूर्वी बैलावरून यायचे, हा मोटरसायकलवरून आला. घोंगडं अंथरलं, वहीला हळदकुंकू वाहिलं, ज्वारी आधी मागून घेतली. मग एका दमात वाचलं. मूळपुरुष बाळोजी, राहणार दर्याकाठ, गलबतावर चाकरी, तिथून देशावर आला, भीमेकाठी राहिला.

गलबतावर चाकरी! मी हिंदुरावाकडं बघितलं. तो शेळीकडं बघत होता.

हेळव्याला म्हणलं, सरदार असं कुठं लिहिलंय का बघा की नीट. तो म्हणाला, आज्जी, वहीत आसंल तेवढंच वाचतो. सरदार पायजे आसला तर दुसरं कूळ बघा. आगाऊ मेला.

माझं काय लिहिलंय विचारलं. म्हणाला, लेकी लिहीत न्हाईत. आबांना एक पोरगा, हिंदुराव, एवढंच. बरं बाबा. पोरगी हवेतून पडली.

निघताना हिंदुराव एसटीपर्यंत आला. म्हणाला, आक्का, बाळोजी ऱ्हाऊ दे, आबांचं नाव तेवढं पुस्तकात येऊ दे. गाव बुडालं, फोटोबी न्हाय, कुठंच नाव न्हाय बघ त्यांचं. मी म्हणलं, येईल की. आधी बाळोजी.

याला कधी मोठा विचार जमलाच न्हाई.

२३ फेब्रुवारी

तात्या आला. त्याला बाळोजी सगळा सांगितला. गलबत, तोफा, वादळ. तोफा वहीत नव्हत्या, पण गलबत म्हणल्यावर तोफा आल्याच. तात्यानं दोन चहा घेतले. म्हणाला, लय भारी हाय वहिनी, पर वडलांच्या खान्यात काय घालू? मी म्हणलं, मुळापासून सुरू करावं, शेंड्यापासून न्हाई. परत ये.

सिंधुबाई ओट्यावर गवार मोडत होती. कान इकडंच. ऐकू दे.

१४ मार्च

बारामतीत एक गुरुजी आहेत, रिटायर, मोडी वाचतात. त्यांचं पुण्याला जुन्या दफ्तरात जाणं-येणं असतं. त्यांना काम लावून दिलं. बाळोजी दोरगे, गलबत, सरदार. ते म्हणाले, आजी, नुसत्या नावावरून माणूस सापडणं अवघड असतं. मी म्हणलं, सरदार होता, लपून बसला नसंल.

आज उन्हानं डोकं धरलंय, म्हणून आबांच्या तीन ओळी लिहिल्या न्हाईत. धंदा लिहायचा तर विचार करून लिहावा लागतो.

६ एप्रिल

ठरवलं होतं, एकदा पाण्यावर जायचं. अंगातलं जागं होतं का बघायचं. उजनीचं पाणी उतरलंय, आमच्या गावच्या देवळाचा कळस वर आलाय. हिंदुरावानं मासे धरणाऱ्याची होडी सांगितली. मी पुढं बसले, छाती काढून. स्वरालीनं फोटो काढला.

काठ सुटल्यावर थोड्याच वेळात होडीची कड घट्ट धरली. मग सगळं बाहेर. होडीवाला म्हणाला, मावशी, तिकडल्या बाजूला, जाळ्यावर नगं. कळसापर्यंत गेलोच न्हाई.

सकाळचे पोहे बाधले. स्वरालीनं तेल जास्त घातलं होतं.

येताना हिंदुराव सांगत होता, आबा पुरातसुद्धा होडी घालायचे. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला कुणी तयार न्हवतं, आबा गेले. मला मळमळत होतं, नीट ऐकलं न्हाई.

२० एप्रिल

गुरुजींचा निरोप आला, सापडलं! नवं लुगडं नेसून गेले.

गुरुजींनी झेरॉक्स काढून ठेवली होती. गलबतावरच्या माणसांची हजेरी. बाळोजी दोरगे, पाणी भरणारा. समुद्र लागून आजारी. बंदराला उतरला तो पळाला. शोध केला, मिळाला न्हाई.

गुरुजी बराच वेळ चष्मा पुसत होते.

२१ एप्रिल

रात्रभर विचार केला. सरळ आहे. सरदाराला वेश बदलून पाणक्या केला. आजारी असल्याचं सोंग. मग गुप्त कामगिरीवर इंदापूरला धाडला. इतका लांब साधा माणूस पळंल का? आणि पळाला तर सापडला का न्हाई? हुशारी लागते त्याला.

शिवाय गुरुजी म्हणाले, हा तुमचाच बाळोजी कशावरून? तेही खरंच. हा दुसरा असणार. आमचा कागदावर यायच्या पलीकडचा होता.

झेरॉक्स चुलीत घातली.

२ मे

तात्या शेवटचा आला. प्रेसवाला थांबत न्हाय म्हणाला. वहिनी, सगळ्या सुनांचं झालं, तुमचंच राहिलंय. वडलांचं सांगा, मी उभ्या उभ्या लिवतो. तेवढ्यात सिंधुबाई आली, पदराला हात पुसत दारात उभी राहिली. तिच्यासमोर काय सांगू? धंदा होडी? मी म्हणलं, लिही, दर्यावर्दी घराणं, मूळपुरुष बाळोजी. तात्यानं लिहिलं. पेन धरून थांबला. मी म्हणलं, बाकीचं फोनवर सांगते.

सिंधुबाई आली तशी आत गेली. जळली असणार.

८ मे

फोन करायचा होता. रेंज नव्हती.

१८ मे, संध्याकाळी

बारामतीला कार्यालयात प्रकाशन. शाल, नारळ, मठ्ठा. सगळी भावकी. हिंदुरावालाही बोलावलं होतं, त्याचं निळं इस्त्रीचं शर्ट. मी पुढच्या रांगेत बसले.

पुस्तक हातात आलं. आधी सिंधुबाईचं पान काढलं. हत्ती न्हाई. साधं लिहिलंय. वडील बाबुराव, लासुर्णे, धंदा शेती. खाली बापाचा फोटो, टोपीतला, एक डोळा बारीक. तिनं त्यावर बोट ठेवून नातवाला दाखवलं, हे माझं दादा. हत्तीचं अवाक्षर न्हाई. इतकी वर्षं आम्हाला हत्ती ऐकवला आणि छापायच्या वेळी बापावर भागवलं.

मग माझं काढलं. सरूबाई. माहेर दर्यावर्दी घराणे, मूळपुरुष बाळोजी. वडील. पुढं एक आडवी रेघ.

हिंदुराव शेजारी बसला होता. बोटाला थुंकी लावून पानं उलटत होता. त्याला वाचायला वेळ लागतो. सगळं पान वाचलं, मग मागचं, मग पुढचं. म्हणाला, आक्का, आबा कुठं हायत?

मी तात्याला बोलावला. चांगला झाडला. तात्या म्हणाला, वहिनी, तुमी नाव दिलंच न्हाय. किती बाऱ्या आलो? दर बारीला बाळोजी. मला काय ठावं तुमच्या वडलांचं नाव? हितं कुणालाच ठावं न्हाय. सगळ्यांनी कायम होडीवालाच म्हणलं, आन् तुमीबी कधी दुसरं सांगितलं न्हाय.

हिंदुराव मठ्ठा न पिता उठला. एसटी हाय म्हणाला. पुस्तक खुर्चीवरच ठेवून गेला.

सिंधुबाईनं मला पापड वाढला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१९ मे

चूक तात्याचीच. एवढं पुस्तक काढतो, एक फोन लावता येत न्हाई?

दुसरी आवृत्ती काढ म्हणलं त्याला. म्हणाला, वहिनी, पहिलीचंच पैसं प्रेसवाल्याला द्यायचं ऱ्हायल्यात. मग म्हणलं, हातानं तरी लिहून घे रेघेवर. म्हणाला, वाटली की सगळी घरोघर.

हिंदुरावाला दोनदा लावला. उचलत न्हाई.

वडील, जयवंता दोरगे. भीमेवर होडी चालवायचे. पुरातसुद्धा.

इथं लिहिलं. इथं कोण वाचतंय.