गाळातला दुष्काळ

चिंचवड,
२४ जून १९८२

चि. मृदुलास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. संशोधनाच्या बोटीवर स्वेटर घालतेस का, असं आई विचारते आहे. समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळात, एके काळी पाऊस शेकडो वर्षं अशक्त राहिल्याच्या खुणा तुला सापडल्या, हे वाचून मला अभिमान वाटला. माझा जुना विद्यार्थी, कुरुळीचा दौलतराव, आला होता. त्यालाही पत्र वाचून दाखवलं.

यंदा मृग कोरडाच गेलाय. पत्र ऐकून दौलतराव चहा तसाच ठेवून उठला. काल त्याची बायको सोजरबाई रडत आली. आता पाऊस कायमचाच गेला असं धरून तो बियाण्याला हात लावत नाही, जमीन कारखान्यासाठी देऊन टाकतो म्हणतोय. येत्या आठवड्यात सही आहे. मी समजवायला गेलो तर म्हणाला, गुरुजी, तुमची लेक समुद्राचा तळ बघून आली, ती खोटं कशापायी लिहील?

मला जेवण जात नाही. त्याला काय सांगू ते लगेच कळव.

बाबा


पणजी,
२७ जून १९८२

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र आजच मिळालं, लगेच लिहायला बसले. दौलतदादांना सांगा, हा गाळ फार सावकाश साचतो. बोटभर थरात कित्येक शतकं असतात. त्यात एकटं एक साल दिसत नाही. यंदाच्या पावसाचं त्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.

पण पाऊस येईल, असंही मी लिहू शकत नाही. पावसाळी वारे जोरात असले की समुद्रात ज्या सूक्ष्म जीवांचे शंख भरपूर वाढतात, ते त्या अशक्त पावसाच्या थरात जवळजवळ नाहीतच. सूक्ष्मदर्शकातून पुन्हा पुन्हा पाहिलं. तेव्हाची माणसं कुठं गेली असतील, हेच मनात येत राहिलं. बाबा, ते पत्र मी शोध कळवायला लिहिलं नव्हतं. भीती वाटली म्हणून लिहिलं होतं.

माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नका.

मृदुला


चिंचवड,
११ जुलै १९८२

चि. मृदुलास आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन लगोलग कुरुळीला गेलो. सगळं वाचून दाखवलं, तुझ्या भीतीच्या ओळीसकट. दौलतरावानं पत्र स्वतःच्या हातात घेतलं. मग त्यानं विचारलं, म्हंजे तिलाबी भ्या वाटतंय? मी हो म्हणालो. सोजरबाई म्हणाली, मग भ्याली म्हणून तिनं काम सोडलं का? त्यावर तो उठला. बियाणं काढलं, आणि सही राहिली ती राहिलीच.

मागच्या आठवड्यात दोन सरी आल्या. बाजरी उगवली आहे. पण आभाळ पुन्हा मोकळं झालंय. तो रोज बांधावर जाऊन उभा राहतो, मी इथं गच्चीवर.

तू घाबरली होतीस आणि मी त्याचा अभिमान मिरवत बसलो, हे मनातून जात नाही. शुक्रवारच्या एस.टी.नं पणजीला येतोय. ते शंख मलाही दाखव. तोवर एकटीनं बघत बसू नकोस.

तुझे बाबा