तात्यांचं गेट आणि झिजलेली चकती

१२ फेब्रु. २००२, मंगळ.

शेठनं सकाळी ऑर्डर सांगितली. वडगाव रासाईला गेट. नाव ऐकलं आणि हातातला पाइप पायावर पडला. सु.चं घर! (नाव पुरतं लिहीत नाही.) शेठला काय माहीत. त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान शिक्रापुरात हायवेला, मी तिथं कटिंगला. ती अजून शिरूरच्या कॉलेजात, टी.वाय.ला. मीही असतो. सरांची कॉलर धरली नसती तर.

गेट २४ च्या आत पाहिजे. शेठ म्हणाला, "पोरीला बघाया पाव्हणं येणारेत त्यांच्याकडं."

जेवलो नाही.

१४, गुरु.

मापं घ्यायला गेलो. तिचे वडील, तात्या, खाटेवर बसून हुकूम सोडत होते. चहा तिनंच आणला. कप देताना हळूच, "बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरलास का?"

"न्हाई."

"मग गेटच कर."

आणि आत गेली. राग आला. तिचा नाही, सगळ्याचाच. मापं कशी लिहिली देव जाणे.

१८, सोम.

शेठशी वाजलं. आमच्याकडची रीत अशी, की मोठ्या कटरची चौदा इंची चकती झिजली तरी टाकायची नाही. भोक मोठं म्हणून आत पाइपची रिंग घालायची आणि हातमशीनला, म्हणजे ग्राइंडरला, चढवायची. आजची साडेआठ इंच उरलेली. मशीन सात इंची चकतीचं. गार्डमध्ये, चकतीवरच्या पत्र्याच्या झाकणात, मावेना, तर शेठनं गार्डच काढून फळीवर ठेवलं!

मी दाखवलं, चकतीवर छापलंय मिनिटाला ४३०० फेरे, मशीनच्या पाटीवर ८५००. ही चकती एवढ्या वेगासाठी नाहीच.

"लई शिकलास. मग कॉलेज कशाला सोडलंस?"

रामजनम, आमचा वेल्डर, सणसवाडीला माझ्याच खोलीत राहतो. तो म्हणाला, "अरे, घिस के छोटा हो गया ना, अब क्या होगा? रोज तो चलाते हैं."

खरंय, रोज चालवतो. मीही. पण रिंग सैल असली की चकती लंगडत फिरते. मनगटात कळतं ते.

२१, गुरु.



गेट नेलं. खालचे पाय दोन बोटं जास्त, जमिनीला घासतंय. माप माझंच चुकलेलं. तात्या: "आरं, माप घेताना डोळं कुठं व्हतं तुझं?" काय सांगू कुठं होते.

कापायला मशीन काढलं. तीच चकती. गार्ड नाही. शेठनं नवी दिलीच नव्हती. गेट आडवं घातलं, धरायला माणूस नाही. तात्यांनी तिलाच हाक मारली, "ये गं, धर जरा." ओढणी कमरेला खोचून आली आणि बसली ती बरोबर चकतीच्या रेषेत. उडाला असता तुकडा तर...

मशीन खाली ठेवलं. "तात्या, ह्यानं मी कापणार न्हाई."

"मग कशानं कापतोस? दातानं?"

घरात फरशीचं काम चाललेलं, तिथलं ब्लेड घेऊन आले. मी म्हटलं, हे दगडाचं, लोखंडाला चालत नाही.

"ब्लेड म्हंजी ब्लेड! तुझी नाटकंच लई. सरक, मी चालवतो." आणि खरंच मशीनला हात घातला. ती अजून तिथंच बसलेली.

डोकं फिरलं. मशीन ओढून घेतलं, पान्यानं चकती सोडवली, खांबाच्या कोपऱ्यावर आपटली. दोन तुकडे.

मग तात्यांनी शेठला फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाला शेठ.

तात्या: "अर्ध्यात टाकून जायची सवयच हाय ह्याला." तिच्यासमोर.

२२, शुक्र.

डोळा लागला नाही. अर्ध्यात टाकणारा म्हणे!

सकाळीच शिरूर. दुकानदार हाताला येईल ती चकती देत होता. मी म्हटलं, सातची, लोखंडाची, भोक रिंगेशिवाय बसणारं आणि ८५०० तरी छापलेलं. पहिल्या चकतीला ओल लागलेली, परत केली. दुसरीची कड उडालेली.

"चकती घेतोयस का पोरगी बघतोयस?" भांडलो नाही. माझं मलाच नवल.

संध्याकाळी शेठ दुकानात नसताना रामजनमनं मशीन आणि फळीवरचं गार्ड पिशवीत घालून दिलं. "एक दिन के लिए. तू पागल है." गाडीत बसलो तर पळत येऊन स्वतःचा चष्माही दिला.

२३, शनि.

तात्यांनी ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. गार्ड बसवलं. चकती हातानं फिरवून बघितली, लंगडत नाही. गेटाखाली ठोकळे दिले, धरायला कुणी नकोच. सगळ्यांना बाजूला काढलं, चकती थोडा वेळ मोकळीच फिरवली. मग कापलं. सरळ, घाई न करता. ठिणग्या भिंतीकडं.

गेट चढलं. तात्यांनी दोनदा उघडून लावून बघितलं.

ती पाणी घेऊन आली. "खरंच फुटली असती का रे?"

"म्हाईत न्हाई."

"मग नोकरी कशाला घालवलीस?"

"तू समोर होतीस."

एवढंच निघालं तोंडातून. सगळी वाट स्वतःला शिव्या घातल्या. चार वाक्यं तरी बोलायची!

२४, रवि.

दौंडला, घरी. आई म्हणते ताप हाय का. स्टेशनापर्यंत जाऊन आलो, परत गेलो, परत आलो. पाव्हणे आता आत गेले असतील. माझ्याच गेटातून. बिजागरीला ग्रीसपण मीच लावलं, कुरकुर नको म्हणून. मूर्ख.

२७, बुध.

शिरूर स्टँडवर तिला गाठलं. पाव्हण्यांचा होकार आलाय. मुलगा पुण्यात, कंपनीत.

"तू काय म्हणालीस?"

"रविवारपर्यंत थांबा म्हटलं."

"आन् तात्या?"

"वरडले. मग म्हणाले, त्या पोरानं मशीन खाली ठेवलं, तसं तुला पण आत्ताच थांबायचंय व्हय?" सांगताना हसली. मग हसू गेलं. "मी थांबवलंय. पुढचं माझ्या हातात न्हाई. तू ये घरी. तात्यांशी बोल. डोकं फिरवून न्हाई, नीट बोल."

"काय म्हणून येऊ? नोकरी न्हाई, डिग्री न्हाई."

"ते तू ठरव." एस.टी. लागली, गेली.

२८, गुरु.

तात्यांशी काय बोलायचं ते तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. शेठकडं परत जायचं नाही, हे नक्की. बाहेरून फॉर्मची तारीख गेली का, उद्या कॉलेजात विचारतो. सर दिसले तर? दिसू देत.

आईला म्हटलं, पांढरा शर्ट धुऊन ठेव, शनिवारी लागंल. "कुणाचं लगीन हाय?" म्हणाली.

काय सांगू.