मोरोचा फाटका कान

रोम, १२ मार्च १८२४

आई, तुझ्या हातावर ओठ टेकवून लिहितोय. मी बरा आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

परवा एक जुनी अंगठी घेतली. लाल खड्यावर वीणा वाजवणारा ग्रीक पुराणातला गायक ऑर्फियस, भोवती जनावरं. दुकानदार शपथेवर म्हणाला, “दोन हजार वर्षांची आहे, साहेब!” घरी भिंगातून पाहिलं, तर कुत्र्याचा एक कान फाटका, थेट आपल्या मोरोसारखा. हे आपल्या नीनोचंच काम! “दगड खरडून पोट भरतं का रे?” म्हणत मीच त्या धाकट्या भावाला घराबाहेर काढलं होतं.

धावत दुकानात गेलो. दुकानदार मान खाली घालून म्हणाला, “कोरणारा नाताळातच गेला. छातीत खड्यांची धूळ बसली होती.”

पत्र ताई वाचून दाखवेल. पण खाली लाखेवर त्या अंगठीचा ठसा उमटवलाय, तो तू स्वतः चाचपून बघ. दिसत नसलं तरी मोरोचा कान बोटाला लागेल.

तुझा उरलेला मुलगा,
साव्हेरिओ