कृपया हात लावावा

तीर्थरूप वहिनींस,

शिरसाष्टांग नमस्कार. (आजवर हे प्रत्येक पत्रात नुसतंच लिहीत आलो, या खेपेला प्रत्यक्ष घालूनही झाला आहे. इथल्या संग्रहालयाच्या दारातली फरशी फारच गुळगुळीत आहे. गुडघा थोडा सुजलाय, पण काळजी नसावी. नमस्कार तुम्हालाच पोचला असं समजावं.) तुमच्या कंबरेचं कसं काय? शेक घेता ना, की ‘वेळ कुठे मिळतो’ हे पालुपद अजून चालूच आहे? सध्या दादा आमच्याकडे आहे, तेव्हा तेही कारण तुमच्याकडे उरलेलं नाही. आम्ही सर्व इकडे मजेत. दादा तर इतका मजेत आहे की सकाळी न्हाणीघरात गात होता. शेजाऱ्यांनी येऊन चौकशी केली, पण ती आपुलकीची होती, असं मी तरी धरून चाललो आहे.

एवढं सगळं फोनवर सांगता आलं असतं हे मला कळतं. पण फोनवर मी बोलायला लागलो की तुम्ही मध्येच रडणार, तुम्ही रडलात की मी विषय बदलणार, आणि शेवटी भाजीचे भाव बोलून आपण फोन ठेवणार. शिवाय आमचं घर म्हणजे काड्यापेटी. एका खोलीत कुजबुजलं तरी दुसऱ्या खोलीत उत्तर मिळतं, आणि दादाचे कान अजून ठणठणीत आहेत. कानच, असं मुद्दाम लिहिलं. पुढे कळेल.

दादाला इकडे धाडताना तुम्ही मला म्हणाला होतात, “भावोजी, ह्यांना जरा माणसांत आणा. नोकरी सुटल्यापासून पेपर वाचत नाहीत, फिरायला जात नाहीत, ओळखीचं कुणी समोरून आलं तरी बघून न बघितल्यासारखं करतात. सहलीचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून झोपतात. माझ्याबरोबर कुठे जायचंच नाही त्यांना.” त्यातलं शेवटचं वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. कारण तुमच्या स्वयंपाकघराची भिंत मी पाहिली आहे. जुन्या कॅलेंडरांची पानं फाडून तुम्ही दोघांनी तिथे जगातल्या झाडून सगळ्या इमारती चिकटवल्या होत्या. पिरॅमिड फोडणीच्या वाफेने पिवळा पडला होता आणि ताजमहालावर हळदीचं बोट उमटलेलं होतं. दादाने सारी हयात पाण्याच्या टाक्यांचे आराखडे काढण्यात घालवली. रिटायर झाल्यावर एकेक करून ह्या इमारती तुम्हाला दाखवायच्या, हे त्याने तुमच्या लग्नापासून ठरवलेलं. आणि आता हाच माणूस भिंतीकडे तोंड करून झोपतो! मला वाटलं, वय झालं की माणूस असा आंबतो. आपण त्याला जरा हलवायला हवं.

म्हणून काल त्याला संग्रहालयात नेला. नेला म्हणजे अक्षरशः ओढत नेला. रस्ताभर तो माझा दंड धरून चालत होता. मला वाटलं, भावाचं प्रेम उफाळून आलंय. (माझाही ऊर भरून आला होता. खोटं कशाला सांगू.) दारात माझा तो साष्टांग झाला तेव्हा दंड धरलेला असल्यामुळे दादाही अर्धा खाली आला आणि वर मलाच म्हणाला, “बघून चालता येत नाही?”

पहिलं दालन पुतळ्यांचं. देशोदेशींचे राजे, सेनापती, तत्त्वज्ञ, सगळे खांद्यापासून वर. (मी कवळ्या बनवणारा माणूस, त्यामुळे कुठल्याही पुतळ्यासमोर उभा राहिलो की आधी त्याचं तोंड बघतो. एकाही राजाने दात दाखवलेले नाहीत. त्या काळी माझ्या धंद्याची किती गरज असणार ते यावरून ओळखावं.) दादाने आत शिरल्या शिरल्या एका दाढीवाल्या संगमरवरी तत्त्वज्ञाला हात जोडून नमस्कार केला आणि उत्तराची वाट बघत थांबला. मग माझ्या कानाशी लागून म्हणाला, “इथले लोक फार शिष्ट दिसतात रे.” मी खो-खो हसलो. दादा थट्टेच्या मूडमध्ये आला म्हणून इतका खूश झालो की त्याच्या पाठीत एक धपाटाही घातला. तो मात्र हसला नाही. तेव्हा तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण नाही.

चित्रांच्या दालनात तो भराभर चालला. चित्र समोर आलं की मान तिरकी करायची, “रंग बरे आहेत” म्हणायचं आणि पुढे सरकायचं. असं म्हणत म्हणत त्याने एका बंद खिडकीलाही बरं म्हटलं. मी मनात म्हटलं, हे आडमुठेपण आहे, मला लवकर घरी नेण्याचा डाव आहे. म्हणून मी आणखी हट्टाने त्याला पुढच्या दालनात घेऊन गेलो आणि तिथे तो प्रसंग घडला.

त्या दालनाच्या मधोमध एका बाकावर करड्या कोटातले एक स्थूल गृहस्थ डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून निश्चल बसले होते. मी जरा मागे राहून भिंतीवरची एक पाटी वाचत होतो. दादा थेट त्यांच्याजवळ गेला, थोडा वाकला आणि त्यांच्या पोटावर हळुवार हात फिरवत मोठ्याने मला म्हणाला, “अरे, इकडे ये! हे खरं काम. दगडातून एवढं मऊ पोट काढायचं म्हणजे खायचं काम नाही!” एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण त्याने पोटावर दोन टिचक्या मारल्या, आतून पोकळ आहे की भरीव ते बघायला. (टाक्यांची सवय.) पुतळ्याने डोळे उघडले आणि म्हटलं, “भरीव आहे.”

वहिनी, दादा जो किंचाळला, त्याने त्या मजल्यावरची सगळी माणसं गोळा झाली. पहारेकरी धावत आला. मी माफी मागत धावलो, माफी मागता मागता माझा सुजका गुडघा बाकावर आपटला आणि मीही किंचाळलो. त्यात ते गृहस्थ निघाले संग्रहालयाचे प्रमुख! जेवण झाल्यावर घटकाभर डुलकी घ्यायची त्यांची जागा ती. आता आपली वरात बाहेर निघणार हे मी धरूनच चाललो होतो. पण ते रागावले नाहीत. दादाकडे बघत राहिले. मग त्यांनी आवाज न करता आपला हात दादासमोर धरला, हस्तांदोलनासाठी. दादाने तो घेतला नाही. हात तसाच अधांतरी राहिला आणि दादा जिकडे तोंड करून माफी मागत होता तिकडे प्रमुख नव्हतेच, तिकडे पहारेकरी होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तो शिष्टपणा नव्हता, आडमुठेपणा नव्हता. दंड धरणं म्हणजे प्रेम नव्हतं. (थोडं असावं.)

प्रमुख म्हणाले, “पाहुणे, पुतळे आवडतात ना? मग चला, मी तुम्हाला आमचं खरं दालन दाखवतो.” आणि दादाचा हात आपल्या कोपरावर घेऊन ते तळमजल्यावरच्या एका खोलीत गेले. सगळ्या संग्रहालयात ‘कृपया हात लावू नये’ लिहिलेलं, त्या खोलीच्या दारावर मात्र ‘कृपया हात लावावा’. आत लांब टेबलांवर जगातल्या मोठमोठ्या इमारतींच्या प्रतिकृती, लाकडाच्या, दगडाच्या, मातीच्या. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांच्यासाठी. दादा दारातच अडला. “मला दिसतं,” म्हणाला. प्रमुख म्हणाले, “दिसत असेल. मलाही दिसतं. पण पिरॅमिड डोळ्यांपेक्षा तळव्याला जास्त कळतो.”

पहिल्यांदा दादाने नुसतं एक बोट लावलं. मग पंजा. मग दोन्ही हात. मी आयुष्यभर त्याला पेन्सिल धरताना पाहिलंय, पण ते हात असे चाललेले कधी पाहिले नव्हते. रोमच्या त्या गोल मैदानाच्या कमानी त्याने एकेक करून चाचपल्या, तो तिरका मनोरा हातात धरून “पाया कच्चा” म्हणाला, आणि एका घुमटावर हात ठेवून मोठ्या आत्मविश्वासाने जाहीर केलं, “ही टाकी फार सुरेख आहे, पण पाणी चढवणार कुठून?” तो ताजमहाल होता. प्रमुख इतके हसले की त्यांचं ते भरीव पोट हलायला लागलं. दादाला कळलं तेव्हा तोही हसला. मग चारी मिनार हाताने पुन्हा मोजले.

“हिला दाखवणार होतो रे,” म्हणाला. मग घुमटावर पुन्हा हात ठेवून, “मी काय दाखवणार आता? तिलाच माझा हात धरून फिरवावं लागेल. त्यापेक्षा म्हटलं, नकोच. मला जायचंच नाही असं तिला वाटलेलं बरं.”

वहिनी, तुमच्या त्या वाक्याचं उत्तर हे असं आहे. त्याला तुमच्याबरोबरच जायचं होतं. नजर गेली हे तुम्हाला कळू नये म्हणून तो भिंतीकडे तोंड करून झोपत होता.

आज सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं. (रांगेत दादाने शेजारच्या बाईंना त्या टाकीची, म्हणजे ताजमहालाची गोष्ट सांगून खूप हसवलं.) एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. तो काढला की त्या डोळ्याने चांगलं दिसेल असं त्या म्हणाल्या. दुसऱ्यात काचबिंदू आहे. त्यातली गेलेली नजर परत यायची नाही, पण उरलेली औषधाने राखता येईल. वर्षभर अंगावर काढल्याबद्दल त्यांनी दादाला असं फैलावर घेतलं की तुमची आठवण झाली. येत्या सोमवारी ऑपरेशन. छोटंसं असतं, घाबरण्यासारखं काही नाही. मी आहे, तुमची जाऊ आहे. तुम्ही कंबर सांभाळून घरी निवांत राहावं, मुळीच धावत येऊ नये.

तुमचा आज्ञाधारक दीर

ता. क. वर लिहिलेलं ‘मुळीच धावत येऊ नये’ हे दादाच्या सांगण्यावरून लिहिलं. तो समोर बसला होता. आता तो जेवायला उठलाय. तेव्हा वहिनी, मिळेल त्या गाडीने या. तुम्ही आल्याशिवाय तो ऑपरेशनच्या टेबलावर आडवा होणार नाही असं त्याने डॉक्टरीणबाईंना चोरून सांगितलंय. चोरून म्हणजे त्याच्या मते. मी त्याच्या शेजारीच उभा होतो.

ता. ता. क. जाऊबाई, मी लिहितेय. ह्यांनी वर जो उजेड-प्रकाश पाडलाय तो वाचला. भाऊजी आले त्याच दिवशी त्यांनी चहात मीठ घालून ‘मस्त’ म्हणत प्यायला, तेव्हाच मी ओळखलं होतं. संग्रहालयाचे प्रमुख माझ्या मैत्रिणीचे मामा. त्या खोलीबद्दल मला आधीच ठाऊक होतं, म्हणून तर ह्यांच्या डोक्यात ती सहल मी घातली. पोटाचा प्रकार मात्र मी ठरवलेला नव्हता. ह्यांना यातलं काही सांगू नका, फार खूश आहेत. तुमचं अंथरूण घातलंय.

ता. ता. ता. क. मी पुन्हा. तुमच्या जाऊने काय लिहिलंय ते मला वाचू दिलं नाही, कागदावर हात ठेवून बसली आहे. खालची ओळ दादाची. स्वतः लिहीन म्हणून हट्टाला पेटला. ओळ तिरकी वर चढत गेलीय आणि मधली दोन अक्षरं टेबलावर उमटली आहेत, ती मी भरली:

“ये. आणि कुठल्या रंगाची साडी नेसून येणार ते आधी कळव. पट्टी सोडली की मला कुणी सांगायच्या आत ओळखायचंय.”