सतत गैरहजर

माय, तुझी बदनामी पुस्तकात छापून आली आहे, आणि ती मीच केली आहे. हे लिहून घेते आहे माझी नात, धाकट्या लेकाची पोरगी. तू तिला पाहिलं नाहीस. नाक तुझं आहे, तोंड माझं आहे, म्हणजे गप्प बसायचं नाव नाही. मी सांगते आपल्या बोलीत आणि ती उतरवते शाळेच्या भाषेत. मधूनच माझा एखादा शब्द तसाच राहू देते, वरणात खडा राहावा तसा. मी म्हटलं, राहू दे, दाताखाली आला म्हणजे कळेल तरी कोण बोलतंय ते.

ही पोरगी रोज संग्रामपूरहून एसटीनं कॉलेजात जाते. तिथं तिला सांस्कृतिक मानवशास्त्र नावाचा विषय आहे. मी विचारलं, "हे काय असते व?" ती म्हणाली, "मानसं कशी राह्यतात, काय खातात, कोनासंग लगन करतात, काय काय पाळतात, ते सारं." मी म्हटलं, "म्हंजे पारावरच्या गप्पा." "हाव आजी. पन याच्यावर परीक्षा असते."

तर झालं असं, की त्यांच्या मॅडमनी सांगितलं, पाठ्यपुस्तकाविषयी प्रत्येकानं आपलं मत एक पान लिहून सोमवारी आणायचं. गुळगुळीत लिहू नका, पटलं नाही तर पटलं नाही म्हणा, पण आधार द्या. पोरांनी आपापली मतं मोबाइलवर एकमेकांना धाडली, आणि मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते तिथं नातीनं ती वाचून दाखवली. एकानं लिहिलं होतं, पुस्तक जाड आहे पण चित्रं मोजकी. एकीचं म्हणणं, लग्नाचे इतके प्रकार दिले, पण पळून जाऊन केलेलं लग्न कुठंच नाही, आमच्या गल्लीत तर तेच जास्त. एका पोरानं नात्यांची आकृती काढायला बाप आणि काका एका रेघेवर घेतले, तर घरात चूल पेटली नाही. दोघांचं बांधावरून बोलणं बंद आहे. आणि एक पोरगी म्हणते, पुस्तकातली माणसं सारखी काही ना काही पाळत असतात, कोणी हसताना दिसत नाही. मी म्हटलं, "या पोरीले पास करा. पुस्तक लिवनाऱ्यापेक्षा हिले जास्त समजते."

पण साऱ्या पोरांना एक चौकट फार आवडली होती. नातीनं पुस्तक उघडून ती वाचली. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली एक अडाणी बाई म्हणे असं सांगते: 'मला आईनं शाळेत घातलंच नाही. ती म्हणायची, पोरीच्या जातीला अक्षर कशाला? चुलीतला जाळ वाचता आला म्हणजे झालं.' खाली पुस्तकवालीनं लिहिलं आहे, अशा कुटुंबांत शिक्षणाविषयीची उदासीनता आयांकडून लेकींकडे कशी जाते ते यावरून दिसते. आणि त्याच्यावर पोरांची मतं: 'हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.' 'या बाईच्या आईचा फार राग आला.' 'अशाच आयांनी पोरींचं वाटोळं केलं.'

माय, माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. चुलीतला जाळ वाचायचं ते वाक्य माझं आहे. तू ते कधी बोलली नाहीस. तुला एवढं नटवून बोलायला वेळच कुठं होता!

हे पुस्तक लिहिणारी बाई पुष्कळ वर्षांपूर्वी आली होती, शहरातली, सुती साडीतली, वही घेऊन. चार दिवस आपल्या वस्तीत राहिली. स्वभावानं गोड, ठेचा खाऊन डोळे पुसायची पण नाही म्हणायची नाही. माझ्या ओट्यावर बसली, भोवती आठ-दहा बाया, दारात माझी नवी सून. आणि तिनं विचारलं, "तुम्हाला शाळेत का घातलं नाही?" का घातलं नाही, असंच. घातलं होतं का, असं तिनं विचारलंच नाही. उत्तर ती येतानाच घेऊन आली होती, मला फक्त ते म्हणायचं होतं. सुनेसमोर खरं सांगितलं असतं तर माझा धाक काय राहिला असता? मग मी एक वाक्य फेकलं. बाईचा चेहरा असा उजळला की विचारू नको. "पुन्हा एकदा म्हणा ना, आजी." मी तेव्हा आजी झालेही नव्हते, पण म्हटलं पुन्हा, आणखी मीठ लावून. ती गेली, मी विसरले. तेव्हापासून तू त्या चौकटीत बसली आहेस, आणि दरसाल नवी पोरं येऊन तुझ्यावर राग काढून जात आहेत.

मी नातीला म्हटलं, "लिव तुह्या मतात. हे खोटं हाये."

"पन आजी, हे तूनंच सांगतलं ना व?"

"मंग मीच खोडते. माह्याच तोंडानं गेलं, माह्याच तोंडानं वापस घेते."

"मॅडम म्हनतीन, आधार काय?"

"आधार शाळेत हाये. चाल."

तिला वाटलं बुढीचं डोकं फिरलं. पण दुसऱ्या दिवशी आम्ही गावच्या शाळेत गेलो. तू मला गावातल्या गावातच दिलंस, म्हणून शाळा तीच. आताच्या मोठ्या बाई नातीएवढ्याच दिसतात. त्यांनी कपाटातून जुनं दाखलखारीज रजिस्टर काढलं, पोरांची नावं घातल्या-काढल्याचं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. बोट फिरवत फिरवत नात थांबली आणि माझं नाव मोठ्यानं वाचलं. जन्मतारीख मास्तरनं आपल्या मनची टाकलेली. आणि पालकाच्या सहीच्या रकान्यात अंगठा. मला अक्षर येत नाही, पण तो मी वाचला. मधोमध आडवी चीर, निंदताना विळा लागला होता तुला, तीच. मी मोठ्या बाईंना म्हटलं, "हे माही माय हाये."

तू मला शाळेत घातलंस तो दिवस मला आजही समोर दिसतो. मास्तर ओसरीवर उभा आहे, तू खाली, मी तुझ्या लुगड्याला धरून. आपल्या वस्तीतली पोरगी म्हटल्यावर तो म्हणतो, पुढल्या साली पाहू. तू म्हणतेस, "गुरुजी, पोरगी याच सालची हाये." तो आत जातो. तू तिथंच बसतेस, निंदणाची मजुरी बुडवून. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तू विळा सोबत नेतेस. मारायला नाही, शाळेच्या अंगणातलं गवत काढायला. एवढं अंगण साफ करून तू मला पुढं ढकलतेस आणि म्हणतेस, "आता तरी लिवा." तो लिहितो. अशी तू. आणि पुस्तक म्हणतं, उदासीन!

नातीनं पुढचा रकाना वाचला तेव्हा मात्र मी खिडकीकडे पाहिलं. खारीज होण्याचं कारण: सतत गैरहजर. मोठ्या बाईंनी हसू लपवायला तोंडाला रुमाल लावला. नात म्हणाली, "आजी! तू शाळा बुडवत होती? आन आमाले जलमभर सांगत राह्यली, मले कोनी शिकवलं नाही?"

हाव, बुडवत होते. मास्तर आपल्या वस्तीतल्या पोरींना दाराशी बसवायचा, पाटीला हात लावायचा नाही, दुरून छडीनं अक्षर दाखवायचा. ते मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण त्याच्यामुळे मी पळाले असं आता सांगितलं, तर उद्या तीही चौकट होईल, आणि पोरं पुन्हा डोळे पुसतील. खरं एवढंच, की दाराशी बसवल्यामुळे पळणं सोपं होतं. नाल्याच्या काठी बोरींना बोरं लागली होती. मी पाटी बोरीखाली ठेवायची, आणि शाळा सुटायच्या वेळी ती घेऊन शहाण्यासारखी घरी यायची. तू पाटी पुसून ठेवायचीस. एक अक्षर नसायचं तिच्यावर, आणि तुला वाटायचं आज पोरीनं पाटी पुसूनच आणली.

नातीनं मत लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. चौकटीतली बाई माझी आजी आहे. तिनं खोटं सांगितलं. तिच्या आईनं तिला शाळेत घातलं होतं, रजिस्टरातल्या नोंदीचा फोटो सोबत आहे. पुढच्या वेळी विचारणाऱ्यानं आधी, घातलं होतं का, असं विचारावं. मी म्हटलं, 'खोटं' काढ, 'गंमत केली' लिव. ती म्हणाली, "नाही. खोटं ते खोटं." पोरीला मार्क कमी पडले तर पडू दे. पुस्तक बदलेल की नाही मला माहीत नाही. छापलेल्याला लाज कमी असते. पण सोमवारी मॅडमनी ते मत वर्गात उभं राहून वाचायला लावलं. ज्या पोरीला तुझा राग आला होता, ती घरी येऊन मला पाहून गेली. म्हणाली, "आता मले तुमचा राग आला, आजी." मी म्हटलं, "हाव, तो राग माह्याच वाट्याचा. बस, शेंगा सोल."

हा कागद कुठं धाडायचा नाही. नात म्हणते, त्या चौकटीच्या पानातच ठेवू. तुझ्यासंग वाद घालायला तेवढी जागा बरी.

एक गोष्ट मात्र मी तिला त्या मतात लिहू दिली नाही, माय. मी शाळेत येतच नाही, असं मास्तरनं तुला सांगितलं त्या दिवशी तू नाल्यावर आलीस. मला वाटलं आता पाठ फुटते. तू बोरीखाली बसलीस, कोरी पाटी उचललीस, पुष्कळ वेळ पाहिलीस. म्हणालीस, "राह्य मंग माह्यासारखीच अंगठा देत." आणि मान खाली घातलीस. मी काय करू? माझ्या ओच्यात बोरं होती, त्यातलं पिकलं बघून तुझ्या हातावर ठेवलं. तू ते खाल्लंस. मग हात पुन्हा पुढं केलास.