डाव्या कोपरावरचे मंडळ

मी, श्रीनाथ यशवंत केळुसकर, वय अठ्ठावन्न, इतिहासाचा शिक्षक, राहणार ऊद मेथा, दुबई, माझी बुद्धी शाबूत असताना आणि कुणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. शनिवारी बायपास आहे. डॉक्टर "इन्शाल्ला" म्हणाले, म्हणून घाई.

१. पुण्याचा फ्लॅट व बँकेतील शिल्लक पत्नी सौ. विभावरी हिची. तिच्या भावाने तिथे "तात्पुरता" ठेवलेला सोफा त्याने उचलावा.

२. माझी सर्व पुस्तके कन्या इशिता हिला. "बाबा, हू विल रीड ऑल धिस?" असे ती म्हणाली. तिनेच वाचावीत.

३. मंडळाविषयी सविस्तर. प्राचीन ग्रीसमध्ये पुरुष खासगी मंडळे काढत. डाव्या कोपरावर रेलून पीत, वाद घालत; काही मंडळे आपल्या मेलेल्या सदस्याचे अंत्यविधीही करीत. हे वर्गात शिकवताना वाटले, दुबईच्या देरा भागातल्या खोल्यांत एकेकटे पडलेल्या आपल्या लोकांना हेच हवे आहे. १९९३ साली मित्र राजाभाऊ सबनीस यांच्या मसाल्याच्या गोदामावरील खोलीत आम्ही सुरुवात केली. दर गुरुवारी गाद्या, डावे कोपर आणि वाइनऐवजी कोकम सरबत. त्यात पाणी किती, ते त्या दिवशीचा अध्यक्ष ठरवी. राजाभाऊ अध्यक्ष असले की नुसतेच पाणी. बायकांना मज्जाव. शपथ एकच: जो जाईल त्याला बाकीच्यांनी खांदा द्यायचा.

१९९८ मध्ये आमचे बापू जोगळेकर हार्ट अटॅकने गेले. कुणी रजेवर, कुणाची ड्यूटी. राजाभाऊंचा फोन आला, "धक्क्यावर माल उतरतोय. काम खलास करून आलोच." आले नाहीत. बापूंच्या पत्नी छायावहिनी, विभावरी, मी आणि गाडीचा ड्रायव्हर असे चार खांदे झाले. अग्नी वहिनींनी दिला.

पुढच्याच गुरुवारी मी वहिनींना सदस्य करण्याचा ठराव मांडला.

"ग्रीकांच्यात बायका नसत," राजाभाऊ म्हणाले.

"काही मंडळांत असत. आणि बापूला न्यायला तरी कुठे ग्रीक आले होते?"

त्यांनी खोलीला कुलूप ठोकले. मंडळ आमच्या हॉलमध्ये आले, बायकांसकट. वाद सुधारले, सरबतही. राजाभाऊ आमच्याशी बोलेनासे झाले. त्यांना काहीही देऊ नये, असे एक खास कलम मी मनात घोळवून ठेवले होते.

४. ते कलम रद्द. परवा राजाभाऊ हॉस्पिटलात आले. खुर्ची असून उभेच राहिले. छायावहिनी तिथेच होत्या.

"वहिनी, त्या दिवशी माल वगैरे काही नव्हता," ते म्हणाले. "मला मढं बघवत नाही. बापूचं तर नाहीच."

वहिनी म्हणाल्या, "मलाही नव्हतं बघवत, भाऊजी. डोळे मिटून अग्नी दिला." आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

सरबताचा मोठा मातीचा वाडगा राजाभाऊंना द्यावा, असे मी म्हणालो. पण या कागदावर साक्षीदार म्हणूनही मला तेच हवे होते, आणि वकिलांचे मत पडले की साक्षीदाराला काही मिळू नये.

"वाडगा की सही?" मी विचारले.

"सही," राजाभाऊ म्हणाले.

वाडगा विभावरीचा.

(सही) श्रीनाथ य. केळुसकर

साक्षीदार, एकमेकांशेजारी बसून:
(सही) छाया बापू जोगळेकर
(सही) राजाभाऊ सबनीस

दुबई, गुरुवार, १४ मार्च २००२