निकेल की स्टील

३ फेब्रुवारी

चि. लंबूस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बेस गिटारची नवी मान तासून झाली, आता तिच्यावर फ्रेटच्या आडव्या धातूच्या पट्ट्या बसवायच्या आहेत. सोबत एक छोटी फळी पाठवते आहे. तिच्यावर बुटकी, मध्यम आणि उंच अशा तीन फ्रेटपट्ट्या ठोकून वरून तार ताणली आहे. चार दिवस दाबून बघ आणि दुखरी बोटं कुठे कमी कुरकुरतात ते कळव. ऐटदार दिसते म्हणून निवडू नकोस, तुला मी ओळखून आहे.

धातूही ठरव. निकेल मऊ, दोन-तीन वर्षांत तारा त्यात खाचा पाडतात आणि तुला बदलायला माझ्याकडे यावं लागतं. स्टीलला पंचवीस वर्षं काही होत नाही. हल्ली मी फार दमते, एक काम हातावेगळं झालं तर बरं.

रागाव, पण विसरू नकोस.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला. रोज नवं गाव, नवं स्टेज आणि तीच पाठदुखी. फळी बसमध्ये मांडीवर घेऊन बसतो. बुटक्या पट्टीवर बोट लाकडाला घासतं, उंच पट्टीवर नुसतं टेकवलं तरी सूर येतो. तेव्हा उंच.

धातू मात्र निकेल. आमचा ड्रमवाला मला वेड्यात काढतो. पण ताई, खरं सांगतो, गेल्या बारा वर्षांत मी घरी आलो तो फक्त फ्रेट झिजले म्हणून. स्टील बसवलंस तर मी येणारच नाही, मला माझाच भरवसा नाही. थकलोय गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा लंबू

६ मार्च

चि. लंबूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आधी रडू आलं, मग तुझा रागही आला. फ्रेट बसवले, उंच, पण स्टीलचे. दोन कानशी कामातून गेल्या आणि मनगट आठवडाभर सुजलं होतं.

तुझं ऐकलं नाही, कारण माझी नजर जात चालली आहे. डॉक्टर म्हणतात, यावर इलाज नाही. हे पत्रही भिंग धरून लिहिते आहे. तीन वर्षांनी तू झिजलेलं निकेल घेऊन आलास, तर ते बदलायला मी उपयोगाची नसेन. ही मान परक्या हातात द्यायला माझं मन होत नाही.

आता तुला घरी यायला निमित्त उरलं नाही. तसाच ये. आणि लवकर ये, माणसाचा चेहरा अजून नीट दिसतो मला.

तुझी ताई